आगबोटीची पत्रं, चांदोदची नाव: बडोद्यातल्या घरांमधले कागद कसे जपायचे?

बडोदेकरीण

रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा या भागांतली जुनी घरं एकापाठोपाठ एक पाडली जातायत. घर रिकामं करताना भांड्यांना, सागवानी खांबांना, पितळी समयांना लगेच गिऱ्हाईक मिळतं. कागद मात्र गोणीत भरून पस्तीवाल्याकडे, म्हणजे रद्दीवाल्याकडे जातात, किलोच्या भावाने. आमच्या घरातली एक ट्रंक त्यातून वाचली आहे आणि तिचं काय करायचं हे ठरवण्यासाठी हा धागा काढतेय.

आमच्या पणजोबांचे वडील गुहागरकडून बडोद्यात नोकरीला आले. सयाजीराव महाराजांच्या काळात कोकणातून, देशावरून अशी किती कुटुंबं इथे आली ते या धाग्यावर सांगायला नको. ट्रंकेत मुख्यतः पत्रं आहेत, काही बोरूने लिहिलेली मोडी, काही बाळबोध. शिवाय घरखर्चाच्या वह्या, दोन-तीन पंचांगं आणि पंचांगाच्या पानांत ठेवलेली तिकिटं, पावत्या.

पत्रांत सगळ्यात जास्त काय असेल तर प्रवास. एका पत्रात पणजोबांची बहीण लिहिते की दाभोळला आगबोट रात्री उशिरा लागली, पडावातून, म्हणजे लहान होडीतून, चढताना तिच्या कडेवरचं मूल घाबरून इतकं रडलं की खलाशाने त्याला उचलून वर दिलं, आणि तुतकावर, म्हणजे बोटीच्या डेकवर, चटई टाकून रात्र काढली. सोबत आमसुलं आणि फणसाची साटं पाठवल्याचा हिशेब आहे, तो प्रवासाच्या वर्णनापेक्षा मोठा आहे! वैशाख वद्य असं लिहिलंय, सालाचा पत्ता नाही. दुसरा गठ्ठा चांदोदच्या वाऱ्यांचा. घरातलं कोणी गेलं की अस्थी घेऊन नर्मदेवर चांदोदला जायचं, त्यामुळे दर काही वर्षांनी खर्चाच्या वहीत 'गाडीभाडे, नाव, उपाध्ये' अशी नोंद येते.

राजवाड्याचा इतिहास, महाराजांच्या भाषणांचा इतिहास जपणारे आहेत. पण एक मध्यमवर्गीय बाई मुलाला घेऊन कोकणातून बडोद्याला कशी पोचत होती, वाटेत काय खात होती, नावाड्याला काय देत होती, हे फक्त अशाच ट्रंकांमध्ये आहे. हे जाऊ द्यायचं नाही, एवढं मी ठरवलंय. कसं जपायचं ते सांगा.

दाभोळखाडी

ताई, ते पत्र वाचून अंगावर काटा आला. माझं आजोळ चिपळूणचं, आता मी कारेलीबागेत राहतो.

त्या बाईंचा मार्ग सांगतो, म्हणजे बाकीच्या पत्रांतली गावांची नावं जुळवता येतील. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ मध्ये. त्याआधी शंभर वर्षांहून अधिक काळ किनाऱ्यावरच्या माणसांचा मुंबईचा रस्ता समुद्रातून होता. मोठी आगबोट बंदरोबंदर करत मुंबईला जायची. कित्येक बंदरांत ती धक्क्याला लागत नसे, लांब उभी राहायची आणि माणसं, गाठोडी, बोचकी पडावातून तिच्यापर्यंत न्यायची. चढताना मूल रडलं ते त्यामुळे.

आणि आगबोट फक्त समुद्रातली नव्हती. नद्यांच्या खाड्यांमधूनही लहान लाँचा आत यायच्या. वाशिष्ठीतून दाभोळहून थेट चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत, सावित्रीतून बाणकोटहून वर महाडच्या बाजूला. भरतीचं पाणी बघून सुटायचं, कारण ओहोटीला गाळात रुतायची भीती. त्यामुळे वेळापत्रक घड्याळाचं कमी आणि तिथीचं जास्त. तुमच्याकडच्या पंचांगात तिकिटं का सापडली, हे कदाचित यातच आहे. पानावर काही खुणा आहेत का बघा.

दुसरं म्हणजे पावसाळ्यात किनाऱ्यावरची वाहतूक बंद असायची. पत्र आषाढ-श्रावणातलं असेल आणि माणूस चिपळूणहून निघाला असेल, तर तो बहुधा कुंभार्ली घाट चढून कराडकडे गेला असणार. मुंबईपासून पुढे बडोद्यापर्यंत बी. बी. अँड सी. आय. (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वे होतीच, ती मुंबईला १८६४ मध्ये पोचली.

यातलं फार थोडं लिहून ठेवलेलं आहे. 'रामदास' बोट १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, तेवढी सगळ्यांच्या लक्षात आहे. रोज न बुडता पोचणाऱ्या बोटींचं कोणी लिहिलं नाही. तुमच्या त्या पत्राची किंमत म्हणून फार मोठी आहे. तारवावरचे तांडेल, सारंग, खलाशी, वखारीतले कारकून, सगळे गेले. मुंबई-गोवा बोटीने गेलेली माणसं अजून आहेत, त्यांना तरी विचारून घ्या.

मोडीवाचक

बडोदेकरीण, पहिलं काम: काहीही लावू नका. तारखेप्रमाणे नको, माणसांप्रमाणे नको, 'महत्त्वाचं' आणि 'फालतू' असं तर मुळीच नको. ट्रंकेत जो गठ्ठा जसा बांधलेला आहे तसाच राहू द्या.

कारण सांगतो. साल नसलेलं पत्र ज्या गठ्ठ्यात सापडतं, त्या गठ्ठ्यातल्या इतर कागदांवरून त्याचं साल निघतं. दाभोळचं पत्र जर एखाद्या वर्षाच्या पंचांगाला लागून बांधलेलं असेल तर तो पुरावा आहे. गठ्ठा सोडून कागद वेगळे केले की तो पुरावा गेला, आणि तो पुन्हा कुठल्याही उपायाने परत येत नाही. जुन्या दफ्तरांत कागद रुमालात बांधून ठेवत आणि रुमालावर तपशील लिहीत, त्यामागे हेच शहाणपण होतं.

म्हणून ट्रंक उघडल्यावर आधी वरून फोटो. मग प्रत्येक गठ्ठ्याला कागदाची चिठ्ठी: गठ्ठा १, गठ्ठा २. त्यातल्या प्रत्येक कागदाला पेन्सिलीने, मागच्या कोपऱ्यात, बारीक आकडा: १/१, १/२. शाईचं पेन आणि चिकटपट्टीचा स्टिकर कागदाला लावायचा नाही. पत्र पाकिटात असेल तर पाकिटाला त्याच पत्राचा आकडा द्या. पोस्टाचा शिक्का पाकिटावर असतो, तारीख आणि गाव दोन्ही तिथे सापडतं, आणि लोक पहिलं काय टाकतात तर पाकीट.

त्यानंतर एका वहीत लिहा: ही ट्रंक कोणाची, कोणत्या खोलीत होती, कोणाकडून कोणाकडे आली, पत्रांतला 'दादा' कोण, 'ती. सौ. वहिनी' कोण. हे सांगणारी माणसं घरात आज असतील, तर आजच विचारा. कागद दोनशे वर्षं टिकतो, 'दादा' कोण हे सांगणारा माणूस टिकत नाही. ही वही कागदांइतकीच मोलाची आहे, माझ्या मते थोडी जास्तच.

बडोद्याला ही परंपरा नवी नाही. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आले आणि १९२५ पर्यंत होते. पुढे त्यांनी पेशवे दफ्तरातून निवडून ४५ खंड काढले. लाखो कागदांच्या ढिगातून ते काम झालं, आणि त्या ढिगात काय कुठे बांधलंय हे कोणीतरी आधी सांभाळलं होतं म्हणूनच झालं.

मोडी पत्रांचे फोटो इथे टाका, पण घरगुती मजकूर असेल तर आधी घरच्यांना विचारा. लिप्यंतर करायला मी आहेच.

प्रतापनगर_फाटक

फोटोऐवजी दुकानातून स्कॅन करून आणलं तर? आमच्या ओळखीत एकाने तसं केलं, पण दुकानदाराने वरून भरणाऱ्या यंत्रात कागद घातले आणि दोन पत्रं घडीवर फाटली.

मोडीवाचक

जुना कागद ओढून घेणाऱ्या यंत्रात कधीच नाही. काचेवर पसरायचा स्कॅनर असेल तर चालेल, ३०० डीपीआयपेक्षा कमी नको, जुने फोटो असतील तर त्यांना ६०० ठेवा. नसेल तर मोबाइल पुरे. खिडकीशी टेबल लावा, फ्लॅश बंद, ऊन थेट नको, आणि बाजूला फूटपट्टी ठेवून कागदाच्या दोन्ही बाजू काढा, मागची कोरी असली तरी. फाइलला नाव तोच आकडा द्या, १-१-अ, १-१-ब. 'आजोबा पत्र नवीन फायनल' असली नावं दोन वर्षांनी कोणाला कळत नाहीत. आणि प्रती तीन, त्यातली एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे.

विश्वामित्री_काठ

दुसऱ्या गावात प्रत ठेवण्याबद्दल मी अगदी पोटतिडकीने सांगते. ऑगस्ट २०२४ चा पूर आठवतोय ना? आमच्याकडे तळमजल्यावर कमरेपर्यंत पाणी होतं. कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यांत सासऱ्यांचे कागद होते.

काय केलं ते लिहिते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. ओले कागद एकमेकांना चिकटलेले असतात तेव्हा सोडवायला जाऊ नका. ओला कागद बोटाच्या दाबाने फाटतो. गठ्ठाच्या गठ्ठा स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने वरून गाळ काढला आणि जेवढे लगेच वाळवणं शक्य नव्हतं ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवले. गोठलेला कागद कुजत नाही, बुरशी धरत नाही. वीज परत आल्याशिवाय हे शक्य नव्हतं, आमच्याकडची वीज गेली होती, म्हणून पिशव्या पाणी न भरलेल्या भागातल्या बहिणीकडे पाठवल्या. मग थोडे थोडे काढून, पंख्याखाली, सावलीत, खाली कोरं वर्तमानपत्र, म्हणजे न छापलेला कागद, अंथरून वाळवले. छापील वर्तमानपत्राची शाई उतरते. उन्हात घातलेले कागद वाळले पण वेडेवाकडे आखडले.

बोरूने लिहिलेल्या काजळीच्या शाईबद्दल सावध राहा. ती उन्हाने उडत नाही, शंभर वर्षांनीही काळीभोर दिसते, पण डिंकावर बांधलेली असल्यामुळे पाणी लागलं की पुसली जाऊ शकते. त्या कागदांना पाण्याने धुवायचं नाही, नुसतं टिपायचं. बाजारच्या शाईच्या पेनाने लिहिलेली बरीच पत्रं तर निळं पाणी होऊन गेली.

आता ट्रंक पहिल्या मजल्यावर आहे, जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना सगळ्या काढल्या, गंजून त्यांनी भोकं पाडली होती. आणि कृपा करून कोणी लॅमिनेशन करू नका! आमच्या दिरांनी प्रेमाने एक सनद लॅमिनेट केली होती. कागद आतल्या आत तपकिरी होत चाललाय आणि ते प्लॅस्टिक आता काढताही येत नाही.

डभईकर

चांदोदच्या नोंदींबद्दल मला बोलायचंय, तो माझा मुलुख.

तुमच्या वहीत 'गोयागेट' असा शब्द सापडला तर ते आजचं प्रतापनगर स्टेशन. तिथून छोट्या गाडीने डभई, आणि डभईहून चांदोद. डभईची ही लाइन म्हणजे हिंदुस्थानातली पहिली नॅरोगेज, रुंदी अडीच फूट. बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी १८६२ मध्ये मियागाम ते डभई रूळ टाकले आणि सुरुवातीला डबे चक्क बैल ओढत होते. इंजिनं आणली, पण रूळ हलके होते, भार पेलेना. मग मार्ग नव्याने मजबूत केला आणि १८७३ पासून इंजिनाची नियमित गाडी सुरू झाली. चांदोदचा फाटा १८७९ चा. म्हणजे चांदोदच्या वारीचा खर्च बैलगाडीचा असेल तर नोंद बरीच जुनी, गाडीभाडं रेल्वेचं असेल तर १८७९ नंतरची. वहीचं साल असं निघतं.

ती छोटी गाडी आता नाही. डभई-चांदोद मार्ग ब्रॉडगेज करून केवडियापर्यंत नेला, १७ जानेवारी २०२१ ला तो सुरू झाला. सोयीचं झालं यात शंका नाही, पण छोट्या गाडीची तिकिटं, स्टेशनांचे जुने फलक, गार्डच्या वह्या यांची आठवण ठेवणारी पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे.

चांदोदला ओरसंग नर्मदेला मिळते. मल्हारराव घाटावरून नाव घ्यायची, संगमापर्यंत जायचं, अस्थी सोडायच्या, काही लोक पुढे कर्नाळीला कुबेराच्या दर्शनाला, काही गरुडेश्वरला टेंब्ये स्वामींच्या समाधीला. आमच्या लहानपणी नावाडी वल्ह्यांवर असायचे, वारा मिळाला की शीड. आता यंत्राच्या नावा. धरणानंतर नदीचं पाणी कधी अगदी कमी, कधी अचानक दार उघडल्यासारखं. सप्टेंबर २०२३ मध्ये सरदार सरोवरातून पाणी सोडलं तेव्हा चांदोदच्या बाजारात, घरांच्या वरच्या मजल्यांपर्यंत पाणी चढलं. घाटावरच्या उपाध्यांकडे यजमानांच्या वंशावळींचे चोपडे असतात. त्यात बडोद्याच्या मराठी घरांच्या पाच-सहा पिढ्या सापडतात, कोण कधी आलं, कोणाच्या अस्थी घेऊन आलं. त्या चोपड्यांचं काय झालं असेल हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

माझी विनंती अशी: ज्यांचे घरचे उपाध्ये चांदोदला आहेत त्यांनी पुढच्या वेळी जाताना त्यांची परवानगी घेऊन आपल्या घराण्याच्या पानांचे फोटो काढावेत आणि एक प्रत त्यांनाच द्यावी. आणि नावाड्यांशी बोला. गुजरातीत बोलतील, गुजरातीतच नोंदवा, मराठीत आणण्याची घाई करू नका. नदीची वळणं, खडक, भोवरे, पूर्वी पाणी कुठवर असायचं, हे त्यांच्याशिवाय कोणाकडे नाही.

लष्करकर

ग्वाल्हेरहून लिहितोय. तुमच्या धाग्यात बोट आली म्हणून आमची बोट सांगतो, नदीची नाही, सागराची.

पहिल्या महायुद्धात माधवराव शिंदे महाराजांनी 'एम्प्रेस ऑफ इंडिया' नावाचं जहाज घेऊन त्याचं इस्पितळी जहाज केलं, नाव ठेवलं 'लॉयल्टी'. युद्धानंतर सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने ते घेतलं. सोलापूरचे वालचंद हिराचंद त्या कंपनीच्या संस्थापकांपैकी. ५ एप्रिल १९१९ ला 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघालं आणि त्या दिवसाची आठवण म्हणून ५ एप्रिल आजही राष्ट्रीय सागरी दिन पाळतात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या किती मराठी घरांना हे माहीत आहे? फार थोड्या. जहाजाचं सगळं कागदोपत्री नोंदलेलं आहे, कारण ते राजाचं आणि कंपनीचं होतं.

याउलट आमची छोटी गाडी. ग्वाल्हेर ते श्योपूर, दोन फुटी रूळ, जवळपास दोनशे किलोमीटर. २०२० मध्ये टाळेबंदीत थांबली ती थांबलीच, आता ब्रॉडगेज होतेय. तिच्यावरून दळण, भाजी, लग्नाची वऱ्हाडं, शाळेची पोरं जायची. त्याची नोंद? माझ्या काकांच्या डायरीत चार ओळी. दाभोळखाडी म्हणाले ते पटलं: जे रोज चाललं ते कोणी लिहिलं नाही.

कोठीजवळ

सगळं वाचलं. एक गोष्ट कोणी स्पष्ट बोलत नाही म्हणून बोलतो. मूळ कागद घरात ठेवायचेच कशाला? बडोदा राज्याचं दफ्तर आपल्या शहरातल्या पुराभिलेख कार्यालयात आहे. तिथे द्या, किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला द्या, १९१० पासून त्यांचं हेच काम आहे. घरात पुढची पिढी परदेशात जाते आणि मग ट्रंक पुन्हा पस्तीत.

मोडीवाचक

द्यावे, पण अटी लिहून. यादी करून, यादीवर पोच घेऊन, 'हा संग्रह एकत्रच ठेवावा, फोडू नये' असं लेखी घेऊन. आणि डिजिटल प्रत आपल्याकडे ठेवून. यादीशिवाय दिलेली ट्रंक कोणत्याही संस्थेत कोपऱ्यात पडते, त्यात संस्थेचा दोष नसतो, माणसं कमी असतात. तयार यादीसह आलेला संग्रह लगेच वापरात येतो.

विश्वामित्री_काठ

मी देणार नाही. पुरात दोन दिवस राबून वाचवलेलं आहे ते. माझ्यानंतर मुलगी ठरवेल. यादी मात्र करतेय.

बडोदेकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. दाभोळखाडी, पंचांग पाहिलं. ज्या पानात तिकीट होतं त्या पानावर वैशाखातल्या तीन तिथींना पेन्सिलीच्या खुणा आहेत, आणि मुखपृष्ठ फाटलंय तरी आतल्या पानावर शके स्पष्ट आहे. पत्र त्याच गठ्ठ्यातलं आहे, म्हणजे साल जवळजवळ लागलंच. मोडीवाचक, तुमचं ऐकलं नसतं आणि पंचांग आधीच वेगळं काढलं असतं तर हे कळलंच नसतं.

आईला बसवून माणसांची वही सुरू केली आहे. 'दादा' म्हणजे पणजोबांचे थोरले चुलतभाऊ, चिपळूणला वखारीत होते. मूळ कागद द्यायचे की नाही हे घरात बोलून ठरवू, यादी पूर्ण झाल्यावरच. तोवर गठ्ठा १ चे फोटो उद्या टाकते. त्यात सहा मोडी पत्रं आहेत, दोनांवर पोस्टाचा शिक्का अर्धवट उमटलाय. शिक्के वाचता येणारं कोणी असेल तर त्यांनी आधी तेच बघा.

डभईकर

शिक्क्यांचे फोटो तिरप्या उजेडात काढा, ताई. सरळ उजेडात अर्धवट शिक्का दिसत नाही, बाजूने बॅटरी धरली की दाब दिसतो.